साधंच जेवायचंय, पण घरी नाही

"ताई, डिसेंबरात आमच्या लग्नाला पंचवीस वर्षं होतील. आम्ही दोघंही डोंबिवलीचे आणि दोघांची खाण्याची आवड अगदी साधी. वरण-भात, बटाट्याची भाजी, रविवारी सुरमई नाहीतर बोंबील, झालं. गेल्या वर्षी लेकीनं हौसेनं मुंबईतल्या एका मोठ्या रेस्टॉरंटमध्ये नेलं. सात कोर्सचं जेवण. काळ्या दगडावर काहीतरी यायचं, वेटर उभा राहून ते काय आहे ते सांगायचा, आम्ही माना डोलवायचो आणि दोन घासांत ते संपायचं. सोलकढीचा एक गोळा होता, तोंडात टाकला की फुटायचा. लेक आमच्या चेहऱ्याकडे बघत होती म्हणून 'छान, छान' म्हणत राहिलो. साडेबाराला घरी पोचलो तर ह्यांनी विचारलं, 'खिचडी टाकतेस का?' टाकली. लेकीचे मात्र त्या रात्री अकरा हजारांच्या वर गेले होते.

यंदा ती पुन्हा मागे लागलीय. नाही म्हटलं तर तिला वाईट वाटेल. ह्यांचं म्हणणं, 'बाहेर कशाला? तू घरी पुरणपोळ्या कर, तशा कुठे मिळतात?' मला वाटतं, एवढा दिवस आहे, कुठेतरी जावं. पण आमच्या आवडीचं मिळतं ती ठिकाणं म्हणजे नेहमीचंच कोपऱ्यावरचं हॉटेल नाहीतर खानावळ. तिथे जाऊन पंचविसावा साजरा केल्यासारखं वाटेल का? त्यात तारीख येतेय मार्गशीर्षातल्या गुरुवारी, माझा उपास. काय करावं? की आम्हीच गावंढळ आहोत?"

— डोंबिवलीहून एक वाचक

शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करते. गावंढळ वगैरे काही नाही तुम्ही. त्या सात कोर्सच्या प्रकारात जेवणाऱ्यानं काही ठरवायचंच नसतं. शेफ ठरवणार, वेटर समजावणार आणि आपण थोडं थोडं चाखत अडीच-तीन तास बसणार. काहींना त्यात खरंच मजा येते. माझी एक मैत्रीण अशा एका जेवणासाठी महिनोन्‌महिने पैसे बाजूला टाकते आणि नंतर तितकेच महिने त्याबद्दल बोलते. ती चाखायला जाते, तुम्ही भूक घेऊन गेला होतात. लेकीचं चुकलं नाही आणि तुमचंही नाही. खिचडी टाकलीत तेही बरंच केलंत, फक्त ती रात्री साडेबाराला टाकावी लागली आणि ती तुम्हीच टाकलीत.

तर मला तुमच्या पत्रात खटकलं ते काळ्या दगडाचं नाही, फुटणाऱ्या सोलकढीचंही नाही. 'तू घरी पुरणपोळ्या कर' हे खटकलं.

दोघांपुरत्या पुरणपोळ्या असं काही नसतं, हे तुम्हाला सांगायला नको. डाळ शिजवा, कट काढा, गूळ घालून आटवा, गरम आहे तोवर पुरणयंत्रातून काढा, कणीक तेल लावून लावून तिंबा, कटाची आमटी वेगळी, आणि मग लाटायला घ्या. पहिली पोळी टम्म फुगते ती ह्यांच्या ताटात, वर तुपाची धार. तुम्ही दुसरी तव्यावर टाकेपर्यंत त्यांची पहिली संपलेली असते. तुम्ही हात धुऊन पानावर बसता तेव्हा डब्यातल्या पोळ्या मऊ पडलेल्या असतात, आणि 'मुरल्या की जास्त छान लागतात' असं आपण बायका एकमेकींना सांगतो. लागतातही. पण पंचवीस वर्षं दोघांना एकच साधं जेवण आवडत आलंय आणि त्यातलं गरम मात्र एकालाच मिळत आलंय, असा हा हिशेब आहे. ते प्रेमानंच म्हणाले असणार, तुमच्या हाताला दिलेलं सर्टिफिकेटच आहे ते. तशा पोळ्या बाहेर मिळत नाहीत हेही खरं असेल. तरी त्या दिवशी ओट्याशी उभं राहायचं नाही. बाहेर जायचं. इथपर्यंत माझं मत पक्कं आहे, पुढचं सगळं चर्चेला खुलं.

माझ्या आईच्या सत्तरीला आम्ही तिला एका थाळीवाल्याकडे नेलं होतं. जागा साधी, स्टीलची ताटं, आत बसलेल्यांच्या पाठीशी पुढचे उभे. आई मधे बसली. फुलके घेऊन वाढपी आला तसा तिनं पहिला फुलका चिमटीत धरून बाबांच्या ताटात टाकला. दुसरा आला, तो माझ्या भावाच्या ताटात. मधूनच पाण्याचा जग कुठे दिसतोय का ते बघायला अर्धी उठली. तिसऱ्या वेळेला वाढप्यानं, चांगला पन्नाशीचा माणूस, फुलका तिच्या ताटात ठेवला आणि तिथेच उभा राहून म्हणाला, "आजी, त्यांचं ते बघतील." आईनं फुलका मोडला. आतली वाफ बसली तिच्या बोटाला. आयुष्यभर तव्यावरची पोळी बोटांनी उलटणारी बाई, आणि फुलक्याचा चटका बसला म्हणून बोट तोंडात घालून हसत होती. त्या दिवशी ती पाच फुलके जेवली. घरी दोन खायची.

म्हणून हॉटेल निवडताना पहिल्यांदा हे बघा: तिथे तुमचं ताट कुणी बघणार आहे का, की तिथेही तुम्हालाच मधल्या भांड्यातून सगळ्यांना वाढत बसावं लागणार. 'साधं आवडतं' म्हणणाऱ्या घरांत ही गोष्ट कुणाच्या लक्षातच येत नाही.

दुसरं म्हणजे मेन्यूकार्ड. आता बहुतेकांचं मोबाइलवर दिसतं, चष्मा लावून पाच मिनिटं वाचा. पदार्थाचं नाव वाचलं की ताटात काय येणार ते डोळ्यांपुढे उभं राहायला हवं. 'बोंबील फ्राय' वाचलं की दिसतो. नावाखाली चार ओळींचं वर्णन द्यावं लागत असेल, आणि ते वाचूनही काही दिसत नसेल, तर ती जागा माझ्या मैत्रिणीसाठी आहे. कार्ड आखूड असेल तर आणखी चांगलं. एकाच कार्डावर चायनीज, पंजाबी, इटालियन आणि कोपऱ्यात 'मालवणी स्पेशल' असेल, तर त्या सुरमईवर माझा तरी भरवसा नाही.

आणि तिसरी गोष्ट, जिथे तुमची गल्लत झालीय असं मला वाटतं. जेवण साधं म्हणजे जागाही साधीच असणार, असं तुम्ही धरून चाललाय. तसं काही नाही. मुंबईत अगदी साधं खाणं अगदी थाटात मिळतं.

सी लाउंज घ्या. ताजमहाल हॉटेल १९०३ सालचं, त्याच्या पहिल्या मजल्यावरची ही जागा, खिडकीतून समोर समुद्र आणि बोटी. दुपारच्या चहाबरोबर तिथे सँडविच-केक असतातच, पण भेळ आणि शेवपुरीही असते. एके काळी दक्षिण मुंबईतली सुखवस्तू घराणी मुलगा-मुलगी एकमेकांना दाखवायला इथेच आणायची. पंचवीस वर्षं संसार झाल्यावर तिथे बसून आजूबाजूच्या टेबलांवर असा कुठला कार्यक्रम चाललाय का हे हळूच बघण्यात वेगळी गंमत आहे. पैशांचं मात्र आधीच सांगते. भेळ तीच असली तरी किंमत समुद्राची असते. आणि साध्या रेस्टॉरंटच्या बिलावर जीएसटी पाच टक्के लागतो, तर ज्या हॉटेलात खोलीचं भाडं दिवसाला साडेसात हजारांच्या वर जातं तिथल्या रेस्टॉरंटमध्ये अठरा टक्के. 'ह्यां'चा स्वभाव तुमच्या पत्रातून मला जेवढा कळला, त्यावरून ते ही अठरा टक्क्यांची गोष्ट परतीच्या लोकलमध्ये घाटकोपरपर्यंत बोलतील. मुंब्र्यापर्यंतसुद्धा.

बॅलार्ड इस्टेटमधलं ब्रिटानिया हे दुसरं टोक. १९२३ पासून चालत आलेलं इराणी-पारशी घराण्याचं हॉटेल. उंच छत, जुन्या खुर्च्या, पोपडे आलेल्या भिंती. नव्यानं कुणी सजवलेलं नाही आणि सजवूही नये. तिथला बेरी पुलाव प्रसिद्ध आहे. मालकांच्या पत्नी इराणात राहून आल्या होत्या, तिथला पुलाव त्यांनी मुंबईच्या जिभेला वळवला. वरची ती लालसर आंबट फळं, जरेश्क, इराणातून येतात. ऐकायला नवलाईचं वाटेल, पण ताटात येतो तो मसालेभाताच्या जवळचाच नातलग: भात, आत मटण, चिकन किंवा भाज्या, वर तळलेला कांदा. नंतर कॅरमल कस्टर्ड. कुणी काही समजावत बसत नाही. मला ही जागा मनापासून आवडते. जेवून बाहेर पडलात की बॅलार्ड इस्टेटच्या त्या दगडी इमारतींमधून चाला. ज्या जॉर्ज विटेटनं गेटवे ऑफ इंडिया आखलं, त्याचाच हा भागही. डिसेंबरात दुपारी तीनलाही तिथे झाडांखाली गार असतं. जेवण दुपारचं असतं, तेव्हा वार आणि वेळ फोन करून विचारा. गर्दी झाली की खुर्ची रिकामी कधी होतेय यावर डोळा ठेवून लोक उभे राहतात. निवांत बसायचं असेल तर दार उघडताना पोचायला हवं.

मासेच खायचे असतील तर पार्ल्याची गजाली आहे, दादरला गोमंतक आहे, सिंधुदुर्ग आहे. 'हे तर आम्ही घरीच करतो' असं मनात आलं असेल. बोंबलाचं सांगते. बोंबलात पाणी फार. नीट करायचे तर चिरून, काटा काढून, उलगडून वजनाखाली दाबून ठेवायचे, पाणी निथळेपर्यंत. मग तिखट-मीठ लावून रव्यात घोळवून तळले की चपटे, कडेला कुरकुरीत आणि आत लोण्यासारखे होतात. घरी रविवारी साडेअकराला बाजारातून आलेल्या बोंबलांना एवढा वेळ कोण देतं? आपण सुरीनं उलगडतो, पाट ठेवतो, वर खलबत्ता ठेवतो आणि अर्ध्या तासात धीर सुटतो. म्हणून घरचे बोंबील तव्यावर मऊ पडतात. साध्या पदार्थातही असं काहीतरी असतं जे रोज तेच करणाऱ्या हातांनाच जमतं, आणि त्यासाठी पैसे मोजायला मला कधी वाईट वाटलेलं नाही. फक्त ही ठिकाणं शनिवार-रविवारी गच्च असतात, शेजारच्या टेबलावर मुंजीएवढी माणसं. पंचविसाव्या वर्षी एकमेकांशी ओरडून बोलायचं नसेल तर मधल्या वाराला, दुपारी एकच्या आत जा.

तारखेचं एका वाक्यात सांगते: गुरुवारी जाऊ नका. घट मांडायचा, कहाणी वाचायची, संध्याकाळी नैवेद्य दाखवून उपास सोडायचा, त्यात हॉटेलची वेळ गाठायची म्हणजे ना धड पूजा ना धड जेवण. शिवाय समोर बसून ह्यांनी सुरमई मागवली तर तुमच्या पंचवीस वर्षांचं तिथेच काहीतरी होईल. गुरुवारी देवाचं करा, शुक्रवारी तुमचं.

आणि आता शुक्रवारचंच सांगते. वर लिहिलेल्या सगळ्या जागा चांगल्या आहेत, त्यांतली कुठलीही निवडलीत तर माझी काही हरकत नाही. पण पत्र वाचताना माझ्या मनात पहिल्यांदा आलं ते यातलं एकही हॉटेल नव्हतं. तुम्ही डोंबिवलीच्या आहात हे वाचलं आणि डेक्कन क्वीन आठवली.

संध्याकाळी घरी येताना फलाटावर उभं राहून तुम्ही ती सुसाट जाताना किती वेळा पाहिली असेल. डोंबिवलीला ती थांबत नाही. आपण पिशव्या सांभाळत मागे सरकायचं, साडीचा पदर धरायचा आणि डबे मोजायचे. त्यातला एक डबा हॉटेलचा असतो. १ जून १९३० ला ही गाडी सुरू झाली, तेव्हापासून तिला डायनिंग कार आहे. आज देशातल्या रोजच्या गाड्यांमध्ये टेबल-खुर्चीवर बसून खायची सोय असलेली ही एकच. २०२२ साली नवे डबे आले त्यातही ती ठेवली, चाळीस माणसं बसतील एवढी. मिळतं काय? ऑम्लेट, कटलेट, चीज टोस्ट, चहा. याहून साधं मला तरी सुचत नाही. आणि ते खिडकीशी बसून, टेबलावर बशी किंचित थरथरत असताना खायचं.

तर बेत असा. शुक्रवारी दुपारी लोकलनं सीएसएमटीला जा. डेक्कन क्वीन तिथून पाच-दहाला सुटते, साडेआठच्या आत पुण्यात. हे नक्की म्हणतील, 'अगं, पुण्याला जायचं तर कल्याणहून ढीगभर गाड्या आहेत, आधी उलटं मुंबईला कशाला जायचं?' बरोबर आहे त्यांचं. पंचवीस वर्षं सरळच गेलात, एकदा उलटं जा. दादरलाही ती थांबते, पण तिथे धावपळ होते, सुरुवातीपासून बसलेलं बरं. साधी चेअर कार पुरे. लेक विस्टाडोमचं म्हणेल, त्या काचेच्या डब्याचं. तिला सांगा, डिसेंबरात सहाला सूर्य मावळतो, गाडी घाटात शिरेपर्यंत मिट्ट काळोख. काचेच्या छतातून काय बघणार?

शुक्रवारी संध्याकाळी ही गाडी भरलेली असते, मुंबईत नोकरी करणारं अर्धं पुणं घरी निघालेलं असतं. तेव्हा बुकिंग ज्या दिवशी उघडतं त्याच दिवशी, म्हणजे साठ दिवस आधी सकाळी आठला, तिकीट काढायला हवं. हे काम लेकीचं. तिला काहीतरी करायचंय ना तुमच्यासाठी? मग हे द्या. जातानाचं आणि रविवारचं परतीचं तिकीट तिनं काढायचं, पुण्यात दोन रात्रींची एक नीटनेटकी खोली तिनं बघायची. दोन रात्री अशासाठी, की शनिवारची दुपार घाईची व्हायला नको. गेल्या वर्षी सोलकढीच्या गोळ्यावर गेलेल्या पैशात हे सगळं बसेल.

तिला खिचडीचंही सांगा. मुलांना असं लपवलेलं कळतंच, फक्त काय लपवलंय ते कळत नाही, आणि मग ती पुढच्या वर्षी आणखी महागाचं हॉटेल शोधतात. 'तू नेलंस ते आवडलं, पण घरी येऊन बाबांनी खिचडी मागितली' एवढं म्हणा. ती हसेल. कदाचित थोडी रुसेल, पण तिकिटं काढेल.

शनिवारी दुपारी थाळी. आपटे रस्त्यावर श्रेयस आहे, टिळक रस्त्यावर दुर्वांकुर आहे. पोळी, आमटी, अळूची पातळ भाजी, मसालेभात, कोशिंबीर, चटण्या, तुमच्या घरासारखंच सगळं, फक्त उठायचं नाही. आदल्या दिवशी फोन करून पक्वान्न काय आहे ते विचारा. पुरणपोळी असेल तर ह्यांचीही इच्छा पुरी. तुमच्यासारखी नसेलच ती, तसं ते म्हणतीलही, म्हणू द्या. पहिली पोळी तुमच्या ताटात पडली की ती त्यांच्याकडे सरकवायची नाही, एवढं फक्त लक्षात ठेवा. शनिवारची रांग असतेच, बाराच्या आत पोचलात तर लवकर बसाल. आत गेल्यावर वाढपी भराभर वाढतात आणि त्या वेगात आपणही भराभर जेवतो. तसं करू नका. त्यांना 'जरा सावकाश' म्हटलेलं चालतं, कुणी रागावत नाही. थाळीच्या खोलीत बसून तासभर गप्पा मात्र मारता येत नाहीत, बाहेर लोक ताटकळत असतात. गप्पा नंतर कुठेतरी कॉफीवर.

फोनवर 'आमची ॲनिव्हर्सरी आहे' असं सांगू नका. कुठेही. सांगितलंत की फटाक्यासारखी ठिणग्या उडवणारी मेणबत्ती लावलेला केक येतो, स्पीकरवर गाणं लागतं आणि टाळ्या वाजवायला चार पोरं टेबलाभोवती उभी राहतात. तुम्हाला ते आवडत असेल तर जरूर सांगा. पण दगडावरच्या जेवणाचा ज्यांना संकोच वाटला त्यांना हेही आवडणार नाही, असा माझा अंदाज आहे.

मोठ्या रेस्टॉरंटचंच ठरलं, तर बिलाबद्दल एवढं माहीत असू द्या. 'सर्व्हिस चार्ज' म्हणून टक्केवारी लावलेली असेल तर ती देणं सक्तीचं नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं जुलै २०२२ मध्येच तसं बजावलं होतं आणि मार्च २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानंही ते उचलून धरलं. काढून टाका म्हणून शांतपणे सांगायचं. ज्यानं नीट वाढलं त्याच्या हातात वेगळे द्या, ते मी नेहमी देते.

नेसायचं काय, हे तुम्ही विचारलं नाहीत, पण मी असते तर विचारलं असतं. चांगली साडी नेसा. रेल्वेच्या डब्यात पैठणी म्हणजे जरा जास्त होईल असं वाटेल, कदाचित होईलही. इरकल नेसा मग. गाडीत सांडलं तरी धुता येते.

डायनिंग कारचं शेवटचं सांगते, कारण चुकलं तर हिरमोड होईल. गाडीचं तिकीट असलं की त्या डब्यात जाऊन बसता येतं, पण चाळीसच जागा आणि खाणारे पुष्कळ, त्यामुळे टेबल अडवून पुण्यापर्यंत बसता येत नाही. सीएसएमटी सुटल्याबरोबर लगेच जाऊ नका, नाहीतर ठाण्याच्या आतच कटलेट संपवून परत आपल्या जागेवर. दादर सुटलं की उठा. टेबल मिळेपर्यंत, ऑर्डर द्यायची तोवर आणि चहा यायचा तोवर ठाणं मागे पडलेलं असेल. मग खिडकीशी तुम्ही बसा, ह्यांना समोर बसवा. सहाच्या सुमाराला, दिवे नुकते लागत असताना, डोंबिवली येईल. फलाटावर नेहमीची गर्दी असेल, पिशव्या सांभाळत मागे सरकलेली. चहा हातात घट्ट धरा, गाडी तिथे वेगात असते.